डाव्या अंगठ्याचं पान

३ मार्च
पुन्हा मुखपृष्ठ! सकाळी ह्यांच्या छातीपाशी स्टँडवर ई-रीडर लावला, डावा हात त्यावर ठेवला, दहावं पान काढून दिलं. भांडी आवरून येते तो पुस्तक मुखपृष्ठावर. अंगठ्याचा चाळा चालूच. अर्धांगाच्या झटक्याला आठ महिने झाले — उजवं अंग गेलं, वाचा गेली. "समजही गेली असावी," डॉक्टर म्हणाले. ह्यांच्यासमोरच!

दुपारी ताईचा फोन. फोन वाजला की ह्यांचा डोळा लागतोच, तेवढंच बरं. मनातलं सगळं ओकले. "कोंडून पडलेय गं. ह्यातून कधी एकदा सुटेन असं होतं." "वेडे, माणसाला वाटतं असं," ताई म्हणाली.

५ मार्च
ई-रीडरवर जोडाक्षरं फुटून दिसतात, हातातून पाटी पडावी तशी. ताईची लेक म्हणते, "मावशी, वाचायचं दुसरं सॉफ्टवेअर टाक. फुकट मिळतं, हवं तसं बदलता येतं." मला नाही जमायचं म्हटलं. "कॉन्व्हेंटात शिकलीस ना तू?" — आगाऊ मेली!

६ मार्च
वायर लावली, फोल्डर चढवलं. शाळेतल्या मदर म्हणायच्या, सूचना दोनदा वाचा, मग पेन्सिल उचला. मी चारदा वाचल्या. तरी पडदा काळा झाला तेव्हा पाचव्यांदा वाचल्या.
उघडलं! अक्षरं टपोरी, ओळी ऐसपैस — माझ्या पहिलीच्या पुस्तकासारख्या.

७ मार्च
पडद्यावर कुठे बोट लागलं की काय व्हावं, तेही ह्यात आपणच ठरवायचं. उजवीकडे पुढचं पान, डावीकडे मागचं — आधीही तसंच होतं.
हात थांबला माझा. ह्यांचा अंगठा फक्त डाव्या कडेलाच पोचतो. मागे, मागे, मागे — मुखपृष्ठापर्यंत!
डावीकडे "पुढचं पान" करून टाकलं.

८ मार्च
तेवीस पानं! सॉफ्टवेअर नोंद ठेवतं — दर पानाला दीड-दोन मिनिटं. एकोणिसाव्या पानावर हे हसले, अर्ध्या तोंडाने. वाकून पाहिलं. गोष्टीतल्या न्हाव्याने सासऱ्याची मिशी एकीकडूनच उडवली होती. हसण्यासारखंच होतं. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. रडत बसले.

संध्याकाळी दिवा लावताना चर्रर्र झालं. ह्यांना समजतंय. म्हणजे सगळंच.

९ मार्च
ताईचा फोन वाजला. मी ह्यांच्याकडे बघत उभी. दुसऱ्या घंटेच्या आत ह्यांनी डोळे मिटले — अंगठा मात्र पानावर जागा.
फोन उचलला नाही. वाजून वाजून थांबला. मग एक डोळा हळूच उघडला — मी अजून आहे का, ते बघायला.