खोचलेला शर्ट

ओडेसा, टेक्सास

प्रिय अर्लीन,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

मंगळवारी दुपारी पेट्रोल पंपावर एकाने माझ्या छातीवर पिस्तूल रोखलं. माझंही कमरेला होतं, पण शर्टाच्या आत. आणि तुला लोंबता शर्ट खपत नाही म्हणून तो पँटमध्ये घट्ट खोचलेला! तो बाहेर ओढेपर्यंत मेलोच असतो. गुपचूप पाकीट दिलं. ते घेऊन तो पळतच सुटला.

तेलविहिरीवर कामावरचे सगळे हसतात. माझ्या जोडीला काम करणारा डेल्बर्ट म्हणाला, "अरे लेका, पिस्तूल बाळगणारा शर्ट बाहेर सोडतो! तू काय चर्चला निघाला होतास?"

खरं सांगू? शर्ट बाहेर असता तर मी पिस्तुलाला हात घातलाच असता. मग आम्हा दोघांपैकी एकाच्या घरी तो गेल्याचं पत्र दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असतं.

पाकिटातला तुझा फोटो गेला. दुसरा पाठवशील? अंगणातल्या पीचच्या झाडाला फळ धरलंय का?

खोलीवर आरसा नाही, टोकणारं कुणी नाही. तरी आज सकाळी शर्ट खोचूनच निघालो.

इतक्या लांबूनही तुझाच,
व्हर्लन