विसरलेला ळ

५ फेब्रु.
गेमचा फॉन्ट पाठवला एकदाचा. जुन्या व्हिडिओ गेमसारखी चौकोनी अक्षरं, प्रत्येक आठ घरं उंच. चार महिने गेले. बाबांनी मागावरूनच विचारलं, "झाला का तुझा ग्राफ, बाई?" साडीचा काठ तेही असाच घर-घर भरून काढतात, म्हणून त्यांना सांगावं लागत नाही. बाकी गावात विचारूच नका.

७ फेब्रु.
पुण्याहून गेमवाल्या सरांचा फोन. पहिल्याच पाटीवर "खे" आणि पुढे रिकामा चौकोन. "खेळ सुरू करा" हवं होतं. ळ केलाच नाही मी! "मॅडम, मराठी तुमचीच भाषा ना?" हसत म्हणाले. मीही हसले. फोन ठेवला तेव्हा कान तापलेले.

कसा सुटला ते सापडलं. अक्षरांची यादी घरातल्या बोलण्यावरून केली होती. "डोरा दुखून राहिला." "सकारी ये." आमच्याकडे ळ म्हणतंच कोण, सगळीकडे र! शहाणीच मी.

८ फेब्रु.
गावाचं नाव टाइप केलं. आंध, चौकोन, गाव. चार महिन्यांत एकदाही टाकून पाहिलं नव्हतं. फार लाज वाटली.
सरांचा मेसेज: ११ तारखेच्या सकाळपर्यंत ळ द्या, नाहीतर अख्खा फॉन्ट दुसऱ्याचा घेऊ.

९ फेब्रु.
बसत नाही. वर रेघ, खाली दोन पोटं. मधलं घर भरलं की गोळा, सोडलं की तुटतो. एक तर चक्क चष्मा झाला. आई म्हणे, "कायले एवढी चिडून राहिली? ल लिहून टाक ना." ओरडले तिच्यावर. नको होतं.

बाबांनी कागद पाहिला. "हे एक घर खाली उतरव. दोन्ही पोटं मोकरी होतीन."
उतरवलं. ळ दिसला. पण मला काय, मला आता भिंतीवरही ळ दिसतो.

१० फेब्रु.
कोरी नजर हवी. आईला मोबाईलवर पाटी दाखवली.
"खेर सुरू करा."
ळ ओळखून खेर म्हणाली, की र दिसला म्हणून? बाबांना दाखवलं. तेही खेर.
परत आईकडे. अक्षरावर बोट ठेवलं. "हे कोणतं?"
"खेरातलं."
"म्हणजे कोणतं, आई?"
"आता खेरात कोणतं रायते?"

उद्या सकाळी पाठवायचंय.