एक्स-रे कुठे आहे

पप्पा,

जर्मनच्या तोंडी परीक्षेत मी तिसऱ्यांदा नापास झाले, आणि या खेपेला त्यात थोडा हात तुमचाही आहे. काम नर्सचंच, पण जर्मनीत, म्हणून दोन वर्षं हॉस्पिटलची ड्यूटी संपली की उल्हासनगरात कापडाच्या दुकानावरच्या क्लासला जात होते. तुमची लेक चाळिशीला टेकली आणि कॉलेजच्या पोरींच्या बाकावर बसून 'स्टेशन कुठे आहे, मेडिकल कुठे आहे' घोकत होती. हसू नका.

परीक्षेत मॅडम पेशंटच्या नातेवाईक झाल्या, मी नर्स. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, एक्स-रे कुठे आहे? ते "वो इस्ट", म्हणजे 'कुठे आहे', कानावर पडलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. "या माझ्याबरोबर," एवढं जर्मनमध्ये म्हटलं आणि चक्क दाराकडे चालायला लागले. त्या म्हणाल्या, नेऊ नका, बसून सांगा. सरळ जा, डावीकडे वळा, एवढंच तर हवं होतं. पण बसल्यावर मला डावं-उजवं काही आठवेना. नुसते हात हलवत राहिले.

ही खोड तुमची. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत तुम्ही स्टोअर सांभाळायचात. नवं मशीन बसवायला आलेल्या जर्मन साहेबाला ना हिंदी यायची, ना धड इंग्रजी. दिवसभर "वो इस्ट, वो इस्ट" करत तो कागदावर पाना नाहीतर बोल्ट काढून दाखवायचा, आणि तुम्ही त्याला दंडाला धरून रॅकपाशी नेऊन उभं करायचात. कुठली वस्तू कुठे आहे हे तुम्ही कधी कुणाला नुसतं तोंडानं सांगितलं नाहीत. आपल्या मांजर्लीच्या घरी स्वयंपाकघरात पण तेच खूळ. "वो इस्ट मीठ?" तुम्ही विचारता, आणि आई भाकरी थापता थापता वर न बघता म्हणते, "डोळ्यासमोर. साहेब गेला, त्याचं याड मात्र इथंच ठेवून गेला."

मी चौथीत आहे, ओट्यावर बसलेय. एक म्हातारी कुणाचं तरी घर विचारते, मी बसल्या जागेवरून बोट दाखवते. तुम्ही आतून बाहेर येता. "बोट काय दाखवतेस? चप्पल घाल. दारापर्यंत सोडून ये." भर उन्हात गेले, तुमच्यावर चरफडत.

क्लासच्या पहिल्या दिवशी "वो इस्ट" फक्त मलाच येत होतं. वाटलं, पप्पांनी आधीच सोय करून ठेवलीय, आता आपण जातोच. काल तिकडे नर्स पाठवणारा एजंट म्हणाला, "मॅडम, अब रहने दो. उधर जगह भर गयी." माझ्या वयाला आता कोण बोलावणार? पुस्तकं क्लासमधल्या एका पोरीला देऊन टाकली. उद्या सकाळी परत तीच ड्यूटी, तोच वॉर्ड, आणि रिटायर होईपर्यंत तेच. रडूसुद्धा येत नाही.

पण परीक्षेपासून दुसरंच डोक्यात बसलंय. पुराचं पाणी दुसऱ्यांदा घरात शिरलं तेव्हा आपण मांजर्लीचं घर विकून इकडे शिरगावला आलो. मग तुम्हाला मेंदूचा अटॅक आला, अर्धं डोकं पुसल्यासारखं झालं, आणि तुम्ही एकच विचारत राहिलात, "आपलं घर कुठंय?" मी सांगायचे, "स्टेशनच्या पलीकडं, पप्पा. विकलं ते. झोपा." दिवसातून दहा वेळा, तेही तोंडानं. एका रविवारी तुम्ही चप्पल घालून दारात बसलात. आई म्हणाली, रिक्षा करून नुसतं दाखवून आण त्यांना, पंधरा मिनिटांचा रस्ता. मी म्हणाले, मला ड्यूटी आहे.

परक्या बाईला एक्स-रे दाखवायला उठले, पप्पा. तुम्ही होतात तोवर तुमच्यासाठी उठले नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. त्या रविवारी मला ड्यूटी नव्हती.