खलाशी सोडून

३ मार्च
साहेबांना नवं खूळ लागलंय — 'खुलं परराष्ट्र धोरण'! आपले एक्केचाळीस खलाशी शेजारी देशाच्या तुरुंगात, नऊ बोटी त्यांच्या बंदरात. सुटकेच्या कराराचा मसुदा मी लिहिला. आणि तो म्हणे संकेतस्थळावर टाकायचा, लोक सूचना करणार! वीस वर्षं या खात्यात घासली ती काय रिकामटेकड्यांकडून शिकवण्या घ्यायला?

५ मार्च
सहाशे सूचना. एकाला युद्ध हवंय, एकाला व्हिसा. एकानं नुसताच अंगठा दाखवलाय. संगणक विभागातली बाई रंगीत तक्ता घेऊन आली — "बघा सर, लोकांचा कल!" कल कसला, कलकलाट.

६ मार्च
आणखी नऊशे. डोकं उठलं.

९ मार्च
एका खलाशाच्या बायकोची सूचना. कलम चार — 'शेजारी देशाने खलाशी सोडून बोटी, जाळी व सर्व सामान परत करावे.' तिचा प्रश्न: "सोडून म्हणजे सुटका करून, का वगळून?" अरे वा, व्याकरणाच्या बाई! शेंबडं पोरही सांगेल. 'किरकोळ — भाषिक' असा शेरा मारून प्रश्न बंद केला.

१० मार्च
जेवताना हिला गंमत म्हणून सांगितलं. हसली नाही. "बरोबर विचारलंय तिनं. सरळ 'सुटका करून' लिहा की!" म्हटलं, मग तूही टाक एक सूचना! ताट उचलून ती आत गेली.

१४ मार्च
तीच बाई, पाचव्यांदा. "साहेब, उत्तर तरी द्या. माझा माणूस आहे तिकडं." संगणकवाली म्हणाली, उत्तर द्यायचा नियम आहे, सर. मला नियम शिकवते! तयार उत्तर धाडलं — 'आपल्या सहभागाबद्दल आभार.'
खरं सांगायचं तर शब्द बदलायला दोन मिनिटं लागली नसती. पण तिच्या सांगण्यावरून? छे!

२ एप्रिल
सह्या झाल्या. माझं एक अक्षरही बदललं नाही! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. कोणी काही म्हणो, लोकांना विचारून करार होत नसतात.

६ एप्रिल
धक्क्यावर गेलो होतो. बोटी आल्या, नऊच्या नऊ, एकामागे एक ओढत आणलेल्या. जाळी नीट घडी घातलेली. माणूस एकही नाही. त्यांच्या अधिकाऱ्यानं कलम चार उघडून दाखवलं, अगदी अदबीनं. कठड्यापाशी बायका उभ्या होत्या. त्यातली ती कोणती, हे विचारायची माझी छाती झाली नाही.