आमचा भाडेकरू, आमचाच सावकार

तीर्थस्वरूप आत्या,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, तेव्हा अर्धा उधार समज). गुडघे काय म्हणतात? नवीन गोळ्या वेळेवर घेतेस ना, की शेजारणीला वाटतेस?

आत्या, मी घर घेतलं! हो, मीच, दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारणारी तुझी भाची! झालं असं, की 'पहिलं घर, पहिली कमाई' नावाचा दोन रविवारांचा वर्ग केला. तिथल्या सरांनी सांगितलं, अख्खं घर स्वतः वापरणं ही चैन आहे; एका खोलीत राहा, बाकीच्या भाड्याने द्या आणि भाड्यातून हप्ता फेडा. मला इतका हुरूप आला, की सोमवारी बँक उघडायच्या आधीच मी दारात हजर. साहेबांनी माझ्या पगाराचे कागद चाळले आणि मला पाणी दिलं (फक्त पाणीच). मग भागीदारी करावी म्हणून मोठ्या दिरांकडे गेले. ते निम्मे पैसे घालायला तयार होते, पण निर्णय सगळे त्यांचे. तोही नाद सोडला. उरला सरांचा तिसरा उपाय: बँकेला मध्ये न घेता विकणाऱ्यालाच हप्ते द्यायचे.

आणि असा विकणारा मिळाला! एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर. खाली दोन खोल्या, वर एक. आमची सहा वर्षांची सगळी पुंजी आधी दिली, बाकीचे पैसे पाच वर्षांत. हप्ता दर दहा तारखेला. लागोपाठ दोन चुकले तर घर परत त्यांचं आणि पुंजीवर पाणी. शिवाय वरच्या खोलीत तेच राहणार, भाडं देऊन. पहिल्याच दिवशी भाडेकरू! मी तर टाळीच वाजवली. (नवरा म्हणाला, "अगं, जरा थांब." पण तो भाजी घेतानाही हेच म्हणतो.)

घर दाखवताना वरचा नळ गळत होता, तर मास्तर म्हणाले, पाण्याला जोर किती आहे बघा. खिडकी लागत नव्हती, तर म्हणाले, हवा खेळती राहते. मी मान डोलावली. सह्या झाल्या आणि चौथ्या दिवशी त्याच मास्तरांची लेखी तक्रार आली, सोबत गळक्या नळाचं चित्र, थेंब सावलीसकट काढलेले! प्लंबर आणला. मग खिडकीचं चित्र आलं. सुतार आणला. दहा तारखेला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून हप्ता मागायला खाली उतरले. मी म्हटलं, अहो, तुमच्याच दुरुस्तीत पैसे गेले. त्यावर शांतपणे म्हणाले, "ते तुम्ही वरच्या भाडेकरूशी बोला."

तर आत्या, एक हप्ता चुकलाय. दुसरा चुकला की संपलंच. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण दवाखान्यातून आल्यावर स्वतःच्या दाराला स्वतःची किल्ली लावते ना, तेव्हा मला अगदी नाचावंसं वाटतं!

तुझी घरमालकीण (निदान दहा तारखेपर्यंत),
भाची

ता. क. खालची मागची खोली रिकामी आहे. मास्तरांना शेजार हवा तो एकट्या माणसाचा, शिस्तीचा, चपला ओळीत ठेवणारा. मला एकच माणूस आठवलं. डिपॉझिट दोन महिन्यांचं. नातेवाइकांना सूट नाही, सरांची सक्त ताकीद आहे.

ता. क. २. तू येणार असं मी मास्तरांना सांगूनही टाकलं. तुझा स्वभाव जरा खुलवून सांगितला. त्यांनी त्या खोलीला स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पैशाने रंग दिलाय, आणि तेव्हापासून एकही चित्र आलेलं नाही.

ता. क. ३. डिपॉझिट राहू दे. (नवऱ्याला सांगू नकोस, सरांना तर नाहीच.) तू तिकडे एकटी जेवतेस, हे मला मुळीच आवडत नाही. ये तू, आत्या. कायमची ये. फक्त नऊ तारखेच्या आत ये, आणि पहिलं भाडं हातात घेऊन ये.