दोन मिनिटांची वाळू

प्रिय ठमे,

तुझं पत्र पोचलं. टीमची प्रमुख झालीस, येत्या सोमवारी पहिली मीटिंग घेणार, आणि त्यासाठी माझं वाळूचं घड्याळ पाठवा म्हणतेस. वाचून आधी छाती फुगली. पुढे लिहिलंयस, की तुमच्याकडेही एक ‘मामा’ आहे, त्याने वाक्य सुरू केलं की समोरचा चहा गार होतो, आणि त्याला पहिल्याच दिवशी आवरणार आहेस. त्यावर मी हसलो, आणि मग मला जेवण गेलं नाही.

छापखान्यातल्या माझ्या मीटिंगांचं कौतुक तू लहानपणापासून ऐकत आलीस, तेही माझ्याच तोंडून. दर सोमवारी सकाळी आठ वाजता सात माणसं, प्रत्येकाला दोन मिनिटं. वाळू संपली की बोलणं बंद, वाक्य अर्धं राहिलं तरी. सव्वाआठला यंत्रं सुरू. मालक पाहुण्यांना मुद्दाम बघायला आणायचे. तोंडाळ मंडळी दोन मिनिटांत स्वतःची पाठ थोपटून मोकळी व्हायची. ज्याला खरंच काही सांगायचं असायचं, तो वाळूकडे बघत गप्प बसायचा. त्या गप्प बसण्याला मी शिस्त म्हणायचो. गाढव होतो, दुसरं काय!

तुझा मामा माझ्याच हाताखाली, कागद कापायच्या मशीनवर. अडखळत बोलतो, ते तुला माहीत आहेच. मेव्हण्याचे लाड करतो असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याच्याशी मी जरा जास्तच कडक. त्या सोमवारी तो पात्याबद्दल काहीतरी सांगत होता. ‘पातं दुसऱ्यांदा’ इथवर कसाबसा आला आणि वाळू संपली. मी घड्याळ उलटं करून शेजारच्यापुढे सरकवलं. उरलेलं पुढच्या सोमवारी, म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

पुढचा सोमवार त्याने दवाखान्यात काढला. गुरुवारी बटण न दाबता पातं दुसऱ्यांदा खाली आलं आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. अहवालात मी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तुझ्या आईनेही तेच खरं मानलं. ‘वेंधळा मामा’ म्हणत तू मोठी झालीस, आणि मी मान खाली घालून जेवत राहिलो. त्याने कधी चकार शब्द काढला नाही. का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तुझं पत्र खिशात घालून काल त्याच्याकडे गेलो. त्या सोमवारचं राहिलेलं वाक्य पूर्ण कर, म्हटलं. पाऊण तास लागला. बुधवारी, म्हणजे अपघाताच्या आदल्या दिवशी, तो पुन्हा माझ्या दारात आला होता म्हणे, आणि मी मान वर न करता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं होतं. मी विसरलो होतो. तो नाही. आज तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. घड्याळ मी पाठवणार नाही. सोमवारी त्या तुमच्या मामाला सगळ्यांत आधी बोलू दे, आणि चहा गार होऊ दे.

तुझाच,
बाबा