नेहाने बंद केलेला उतार

१८ जानेवारी, पोलादपूर

नेहा उद्या येत नाही. आठ महिन्यांनी येणार होती.

पोरीची नोकरी काय, तर काश्मीरच्या डोंगरात छातीइतका खड्डा खणून बर्फाचे थर तपासायचे आणि उतार घसरेल का ते सांगायचं. आज खाली साखरेसारखा भुसभुशीत थर सापडला, वर ताज्या बर्फाचं ओझं. तिने स्कीइंगचा तो उतार बंद केला. हॉटेलवाले म्हणे, एवढं ऊन पडलंय, काही होत नाही! "मी निघाले की उघडतील गं आई."

उघडतीलच. वाडीवरच्या डोंगराला भेग पडली तेव्हा मी घरोघर सांगत फिरले, नेहा माझं बोट धरून. आमचे पुढारी म्हणाले, "काय नाय होत, बाई." स्वतः राहायचे खाली बाजारपेठेत, स्लॅबच्या घरात! दोन दिवसांनी दरड आलीच. मी माणसं आधीच शाळेत हलवली होती म्हणून वाचली.

तो साखरेसारखा थर डोक्यातून जात नाही. बिरड्यासाठी वालांना मोड आणलेत, आता एकटीने सोलू?

"तू सांग, येऊ का?" नेहाने फोनवर विचारलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या ताठ आवाजात मी म्हटलं, "अजिबात नाही."

ती लगेच "बरं" म्हणाली. जरा तरी हट्ट करायचा होता.